मांगूर, युरिया आणि एक काना

१२ एप्रिल २००३, शनिवार

पिशवीतल्या मेलेल्या माशाने आज आमच्या स्वयंपाकघरात तोंड उघडून श्वास घेतला. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे, तरी दोन पावलं मागे सरलो हे इथे कबूल करतो. माझी बायको गोजर तर विळी तशीच टाकून अंगणात पळाली. "अहो, त्याला भूत लागलंय, बाहेर टाका," असं तिथून ओरडत होती.

झालं ते असं. सकाळी पाझर तलावाकडे फिरायला गेलो होतो. या वर्षीच्या दुष्काळाने तलावाची पार दशा झाली आहे. मधोमध म्हशीच्या पाठीएवढं पाणी, बाकी सगळा चिखल. त्या चिखलात वली गुडघाभर उतरला होता. वली माझा जुना विद्यार्थी. ग्रामपंचायतीकडून तलावाचा मासेमारीचा ठेका त्याने घेतला, त्याला आता तिसरं वर्ष. त्याने कोपरापर्यंत हात खुपसला आणि काळा, मिशाळ, हातभर मासा वर काढला.

"सर, हितलं पाणी जाऊन चार दिस झालं. ह्यो बगा, मजेत निजलाय."

"मेलेला असेल रे."

"मांगूर हाय सर. मरत न्हाई लवकर. न्या घरी, बाईंना सांगा रस्सा करायला."

रोहू-कटला पाणी कमी होताना त्याने विकून टाकले. आता चिखलातला हा मांगूर हेच त्याचं वर्षाचं पीक. अमिरुन्निसा, त्याची बायको, लागेल तेवढा रोज काढून जुन्नरच्या, मंचरच्या बाजारात नेते. जूनच्या ग्रामसभेत ठेका पुन्हा मिळाला तर दोघांचं बस्तान बसेल, असं तो म्हणत होता.

मासा सकाळी नऊला पिशवीत घातला. त्याने श्वास घेतला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. "मासे कल्ल्यांद्वारे पाण्यातील प्राणवायू घेतात." हे वाक्य मी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल! आठ तास हा प्राणी माझ्या पिशवीत बसून त्या वाक्याला हसत होता.

रस्सा केला नाही. बादलीत ठेवला आहे.

२० एप्रिल, रविवार

मंचरच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी चौदा पानांची झेरॉक्स दिली. एसटीत वाचायला घेतली आणि थरारून गेलो. शेजारच्या पाहुण्याला सांगू लागलो, तर तो पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसला.

श्वासाचं कोडं सोपं आहे. मांगूरला कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी निराळा अवयव असतो. मला गार केलं ते पुढच्या गोष्टीने. अन्नातल्या प्रथिनांचा वापर झाला की अंगात अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया म्हणजे विष. बहुतेक मासे तो कल्ल्यांतून पाण्यात सोडून मोकळे होतात. पण चिखलात रुतलेल्याने कुठे सोडायचा? मेंदूला चढून तो मरायचाच. तर हा पठ्ठ्या काय करतो? आपल्या यकृतात त्या अमोनियाचा युरिया बनवतो! युरिया निरुपद्रवी, दिवसचे दिवस अंगात बाळगता येतो. कोरडं पडलं की याचा कारखाना जोरात, पाणी आलं की हळू.

कारखान्यात पाच विकर. विकर म्हणजे अंगातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. पहिल्याने अमोनियाला धरायचं, दुसऱ्याने ऑर्निथिन नावाच्या पदार्थाला जोडायचं, तिसऱ्या-चौथ्याने त्याचं आर्जिनिन करायचं, आणि पाचव्याने, म्हणजे आर्जिनेजने, त्यातून युरिया तोडून बाजूला काढायचा. ऑर्निथिन सुटून पुन्हा पहिल्या जागी हजर. रहाटाचं चाक फिरावं तसं हे फिरत राहतं. आणि हे चाक आपल्या यकृतातही आहे! पहिला विकर तेवढा माशाचा जरा निराळ्या जातीचा, बाकी तेच.

घरी येऊन गोजरला हे सगळं सांगितलं. तिने शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी आन् त्यो मांगूर एकच की," ती म्हणाली.

शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. तरी मला राग आला.

३० एप्रिल, बुधवार

उद्या महाराष्ट्र दिन, झेंडावंदन, निकाल, आणि मग सुट्टी. दर वर्षीप्रमाणे सुट्टीसाठीचा फळा आज लिहिला.

हा फळा शाळेच्या फाटकाशेजारच्या भिंतीत आहे, वर पत्रा, समोर एसटीचा थांबा. पंचवीस वर्षं माझ्याशिवाय त्यावर कोणी लिहिलेलं नाही आणि कोणी पुसलेलंही नाही. फार पूर्वी एका पोराने पुसायचा आगाऊपणा केला होता. त्याला छडीचा असा प्रसाद दिला की पुन्हा कोणी हात लावला नाही. कोण होतं ते आता आठवत नाही.

गावातली माणसं फळ्यावरून शुद्धलेखन शिकतात. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर पिढी बिघडते. म्हणून इथे नेहमीप्रमाणे जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

आश्चर्य! आश्चर्य!!
मांगूर माशाच्या अंगात युरिया!
पाच विकारांची करामत!
नमुना : वलीभाई यांचा तलाव
(सविस्तर माहिती १६ जूनला, शाळा उघडल्यावर)

जागा तेवढीच होती. वलीचं नाव मुद्दाम घातलं. गरिबाच्या पोराला श्रेय कोण देतं? त्याची फुकट जाहिरातही होईल. गुलाबी खडू वापरला.

४ मे, रविवार

सुट्टीत सहसा फळ्याकडे कुत्रं फिरकत नाही. या वेळी गर्दी! एसटीला उभी असलेली माणसं वाचतात, एकमेकांना दाखवतात. एक बाई तर न वाचता येणाऱ्या सासूला मोठ्याने वाचून दाखवत होती. सासूने तोंडावर पदर घेतला. विज्ञानाने माणूस असाच थक्क होतो.

दूध संकलन केंद्रावरचा गोरख आडवा आला. "सर, खरंच युरिया हाय व्हय त्या माशात?"

"आहे म्हणजे? शंभर टक्के आहे! मी स्वतः खात्री केली आहे."

"आन् वलीला ठाव हाय हे?"

"त्यानेच तर मला मासा दिला!"

गोरखचे डोळे विस्फारले. यकृतापर्यंत पोचणार तोच त्याची दुधाची गाडी आली. जाता जाता म्हणाला, "टीव्हीवर दावलं ना सर, युरियाचं दूध. आता मासं बी." त्याचा दुधाशी काय संबंध लागला कळलं नाही. पण विचार करतो आहे हे महत्त्वाचं.

११ मे, रविवार

राग अजून उतरलेला नाही, अक्षर वाईट येईल.

दुपारी वली आला. ओट्याच्या खाली, उन्हात उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. मंचरच्या बाजारात अमिरुन्निसाची माशांची पाटी कोणीतरी लाथेने गटारात उलटवली. "खतं खाऊ घालती व्हय माणसांना?" म्हणून बाया तिच्या अंगावर गेल्या. जुन्नरला तर बसूच दिलं नाही. आठवडाभरात एक मासा विकला गेला नाही. चौथीत शिकणाऱ्या त्याच्या महेकला पोरं "ए युरिया" म्हणून हाक मारतात.

वली! ज्याने तलावात साधी ब्लीचिंग पावडर टाकायची तर मला विचारून टाकली, तो माशांत युरिया भरतो? कोणी उठवली असेल ही आवई? आपल्याकडे माणसाला वर येऊ देत नाहीत हेच खरं. त्यातून तो वली, म्हणजे आवईला पायच फुटणार.

"कोणी उठवलं हे? नाव सांग, त्याच्या घरी जातो," असं मी ओरडलो.

वली माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "जाऊ द्या सर. लोक वाचत्यात तसं बोलत्यात."

"काय वाचतात?"

"काय न्हाई."

जाताना म्हणाला, "बाई कशा हायत?" गोजर दारात उभी होती. तो गेल्यावर तिने भाकरी एवढ्या जोराने थापल्या की परात वाजत होती.

१४ मे, बुधवार

सरपंच सावळेराम यांच्याकडे गेलो. लोक ठेका रद्द करा म्हणतात, ६ जूनच्या ग्रामसभेत विषय येणार, असं ते म्हणाले. "सर, मला वलीचं काय वावडं न्हाई. पर गावाचं तोंड कसं धरू?"

मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "मासा प्रयोगशाळेत पाठवा! विज्ञान खोटं बोलत नाही. अहवाल येऊ द्या, सगळ्यांची थोबाडं बंद होतील."

त्यांना पटलं. उद्या दोन मांगूर ओल्या गोणपाटात गुंडाळून पहिल्या एसटीने पुण्याला जाणार. वलीला जाऊन सांगितलं. "तुमी म्हणताय तर पाठवू," एवढंच बोलला. आनंद झालेला दिसला नाही. माणूस खचला की त्याला सुटकाही ओळखू येत नाही.

२७ मे, मंगळवार

अहवाल आला.

युरिया : आढळला.

सरपंचांनी पंचायतीच्या ओसरीवर मोठ्याने वाचला. दहा-बारा माणसं होती, वलीही होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आढळणारच!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि त्या क्षणाला मला उमगलं. ओल्या गोणपाटात, पाण्याबाहेर, पुण्यापर्यंत तीन-चार तास, मग तिथे कुठेतरी कोपऱ्यात आणखी किती. अरे, युरिया करण्याचीच तर ती वेळ! चौदा पानांत दुसरं काही लिहिलेलंच नाही. रोहू पाठवला असता तर फारसं काही सापडलं नसतं. मी, विज्ञान शिक्षक, मी माझ्या हाताने मांगूर पाठवला आणि वलीच्या गळ्यात फास अडकवला.

"तुमचाच सल्ला व्हता सर," सरपंच म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी समजावू लागलो. ऑर्निथिनपर्यंत आलो तेव्हा तिघेच उरले होते. वली सगळं ऐकून घेऊन उठला, टोपी झटकली आणि तलावाकडे गेला. गेल्या पंधरा दिवसांत कोणी घेत नाही म्हणून त्याने मासे काढलेच नाहीत. तिथला चिखल आता वाळून भेगाळला आहे. युरिया अंगात धरून मासा तरी किती दिवस तगणार?

जेवलो नाही.

२८ मे, बुधवार

गोजर सकाळी चहा ठेवून म्हणाली, "अहो, त्यो फळा पुसा आता."

"कुठला फळा?"

"तुमचा. दुसरा कुटला हाय गावात?"

फळ्याचा काय संबंध, असं मी विचारलं. ती कपाळाला हात लावून खाली बसली. "अवो, अख्खं गाव म्हणतंय, सरांनी लिवलंय. वलीच्या माशात युरिया, आन् खाल्लं की पाच विकार. मी म्हनलं तुमाला ठाव आसंल. तुमी रोज तितंच जाऊन हुबं ऱ्हाताय की!"

विकार? मी विकर लिहिलं होतं! गळ्यातला पंचा तसाच टाकून पळत सुटलो. फळ्यासमोर उभा राहिलो आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. "पाच विकारांची करामत." क नंतर ठसठशीत काना!

रोज येत होतो इथे. पण फळा वाचत नव्हतो, फळा वाचणारी माणसं बघत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

काना कोणीतरी हरामखोराने मागून घातला आहे. विकरचा विकार! एका रेघेने एका माणसाचं घर बुडवलं. युरियाचं वाक्य माझं, ते मी नाकारत नाही, पण ते सत्य होतं. विष कालवलं ते त्या कान्याने. जरा तिरपाही आहे तो, माझा काना कधी तिरपा नसतो. गोजर म्हणते लगेच पुसा. पुसणार नाही. पुरावा आहे. ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यातच आहे, सगळ्यांना दाखवीन.

२ जून, सोमवार

सापडलं! तूरडाळ!

मंचरच्या बाईंनी सांगितलं, डाळीत युरिएज नावाचा विकर असतो. तो युरिया मोडून परत अमोनिया करतो. अमोनिया आला की हळदीचा कागद लाल होतो. माशातले पाच विकर जोडतात ते हा एकटा मोडतो.

गोरखला विचारलं तर तो म्हणाला, "सर, आमी केंद्रावर दुदात युरिया हाय का बगतो ते आसंच की! पावडर मीच आणतो. वलीचं लई वाईट झालं, मला बी झोप न्हाई. मीच पयल्यांदा चार जणांना बोललो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पश्चात्ताप, की आणखी काही? काना घालायला गुलाबी खडू याच्याकडे कुठून आला असेल? त्याची पोरगी आमच्याच शाळेत आहे.

६ जून, शुक्रवार

ग्रामसभा. सगळं क्रमाने लिहितो.

व्हरांड्यात पावणेदोनशे माणूस. टेबलावर चार ग्लास. पहिल्यात, रोहू रात्रभर ठेवला होता ते पाणी. दुसऱ्यात, वलीचा मांगूर ठेवला होता ते. तिसऱ्यात, डिंभे धरणावर मासेमारी करणाऱ्या भागूने तिथून पकडून आणलेल्या मांगूरचं. धरणात कोणी खत टाकत नाही, हे भागूने हात वर करून सांगितलं. चौथ्यात काय ते मी सांगितलं नाही.

आधी चारी ग्लासांवर हळदीचे ओले कागद धरले. पिवळेच राहिले. मग गोरखने प्रत्येकात डाळीची पूड टाकली, वर पुन्हा कागद ठेवून झाकलं आणि तासभर थांबलो. तेवढ्या वेळात मी अमोनिया, यकृत, रहाट सगळं सांगितलं. या वेळी कोणी उठलं नाही.

झाकणं काढली. रोहूचा कागद पिवळा. वलीच्या मांगूरचा तांबडा. "बगा! बगा!" म्हणून मागून आरडाओरडा सुरू झाला. मग डिंभ्याच्या मांगूरचा काढला. तोही तांबडा, अगदी तसाच. मग चौथा काढला. कुंकवासारखा लाल.

"ह्याच्यात कुटला मासा सर?" सरपंचांनी विचारलं.

"सकाळची माझी लघवी. चौपट पाणी घालून."

बायांनी पदर तोंडावर घेतले. टेबलाजवळची पहिली रांग उठून मागे गेली. मी ओरडून म्हणालो, "मला कोणी युरिया चारला? सांगा! हेच पाच विकर माझ्या यकृतात आहेत, तुमच्या आहेत, सरपंचांच्याही आहेत!"

"म्हंजे आपुन समदे मांगूरच की राव!" कोणीतरी म्हणालं आणि व्हरांडा हसून हसून कोसळायचा राहिला. मी गोजरकडे पाहिलं. वाक्य तिचं होतं, पण तिने हक्क सांगितला नाही.

ठेका वलीकडेच राहिला. हात मोजायचीही गरज पडली नाही. पण वली हसला नाही. अमिरुन्निसा खांबाला टेकून उभी होती. सरपंचांनी तिला विचारलं, आता तरी खूश ना? ती म्हणाली, "तळं वाळलं सरपंच. काल खणलं तर शंभरातलं नव्वद मासं मेल्यालं निगालं. आमी पुरलं." व्हरांड्यातलं हसू तिथेच थांबलं.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला पुराव्याची घाई. सगळ्यांना फळ्यापाशी नेलं, काना दाखवला आणि म्हणालो, "विज्ञानात हा विकार कोणी घातला? गोरख, तू सांगतोस की मी सांगू?"

गोरखच्या हातात माझे चार ग्लास होते. धुवायला निघाला होता. त्याने ते भिंतीवर एकेक करून नीट ठेवले आणि निघून गेला. सरपंच म्हणाले, "सर, पुरावा?" मी म्हटलं, देतो. वली माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. भीती असावी असं काहीतरी होतं, आणि ती माझ्यासाठी होती असं आता वाटतं.

७ जून, शनिवार

सरपंचांना लेखी तक्रार द्यायची म्हणून फळ्याचा मूळ मजकूर उतरवून घ्यायला ही वही उघडली. ३० एप्रिल.

"पाच विकारांची करामत!"

माझं अक्षर. माझी शाई. माझा काना, जरासा तिरपा.

वही मिटली. पाणी प्यायलो. पुन्हा उघडली. काना तिथेच होता. तेहतीस वर्षं पोरांचे अर्धे अर्धे गुण कापले या कान्यामात्रांसाठी. वहीत चूक, फळ्यावर चूक, आणि वर शुद्धलेखनावर व्याख्यान, तेही त्याच पानावर! गोजरने विचारलं, "काय झालं?" मी पान तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बायकोने असा हात ठेवावा अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी रडलो.

संध्याकाळी गोरखच्या घरी गेलो, त्याच्या बापासमोर, पोरीसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "बसा सर, च्या घ्या."

वलीकडे जायचा धीर झाला नाही.

८ जून, रविवार

गेलो. वली तलावाच्या काठावर जाळं विणत बसला होता. पाणी येईल तेव्हा लागेल म्हणाला. मी वही त्याच्या पुढ्यात उघडून ठेवली.

त्याने पाहिलंही नाही. "ठाव हाय सर."

"काय ठाऊक आहे?"

"काना जास्त झाला त्ये. एक तारखेला, झेंड्याच्या दिशी सकाळीच वाचला. तुमी 'विकर' म्हणाला व्हता ना मला, मंचरवरनं कागद आणलं तवा? मी ध्यानात ठेवला व्हता शब्द."

एक तारीख! म्हणजे पाटी गटारात जाण्याच्याही आधी. एक बोट फिरवलं असतं तर काना गेला असता. "मग पुसला का नाहीस? वेड्या, नुसतं बोट लावायचं होतंस! निदान मला सांगायचंस!"

वलीने जाळ्यातली गाठ ओढून घट्ट केली.

"सातवीत आसताना पुसला व्हता सर. तवा बी कानाच जास्त पडला व्हता तुमचा. मी म्हनलं, लोक हसतील सरांना. तुमी हात सोलून काढला. म्हनला, सरांचा फळा चुकत नसतो." त्याने उजवा तळवा पुढे केला, मग काही आठवल्यासारखा मागे घेतला. "घरी बाबाला न्हाई सांगितलं. आन् आता सांगायला आलो व्हतो तुमच्याकडं, त्या दिवशी उन्हात. तुमी इचारलं नाव सांग. कसं सांगू?"

मी वलीसमोर हात जोडले. त्याने घाईने ते खाली केले आणि "आसं न्हाई करायचं सर, आसं न्हाई" म्हणत राहिला, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं.

त्याला घेऊन शाळेपाशी आलो. थांब्यावर सात-आठ माणसं होती. बरं झालं. सगळ्यांदेखत सांगितलं, हा काना माझा आहे, गोरखचा नाही, कोणाचाच नाही. मग डस्टर वलीच्या हातात दिलं आणि म्हणालो, "पूस. सगळं पूस."

त्याने ते माझ्या हातात परत दिलं, शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली आणि तिच्या टोकाने फक्त काना पुसला. मांगूर तसाच, युरिया तसाच, खाली त्याचं नावही तसंच.

"बाकीचं बरोबर हाय सर," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."